रीमर भोक सरळ करत नाही



आजचा विषय आहे धातूत खोल आणि अरुंद भोक पाडणं आणि ते आतून नीट करणं. प्राथमिक शाळेच्या बाईंना हे कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पण माझं सासर कोल्हापूरजवळचं. बिडाचं ओतकाम, ऑईल इंजिनं, पंप आणि त्यांचं कातकाम यांवर या भागातली कितीतरी घरं उभी आहेत. घरामागे पत्र्याची शेड आणि तिच्यात एक लेथ मशीन, याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. आमच्याही मागच्या दारी तशी शेड आहे. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, उद्यमनगरात टर्नर होते. आता घरीच किरकोळ कामं घेतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून रविवारी आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली उभी असते. व्हर्नियरचे आकडे वाचायला माझे डोळे आणि मशीनचा आवाज ऐकायला त्यांचे कान, अशी आमची वाटणी आहे.

मागच्या उन्हाळ्यात केलेल्या एका कामाबद्दल आणि त्याच वर्षी माझ्या वर्गात आलेल्या एका मुलीबद्दल मला लिहायचं आहे. पण आधी काम समजून घेऊ.

खोल म्हणजे किती?

भोक खोल आहे की नाही, हे नुसत्या खोलीवरून ठरत नाही. व्यासाशी तुलना करावी लागते. ५० मिलिमीटर रुंद भोक १०० मिलिमीटर खोल असलं तरी सोपं. आत हत्यार घालायला, पाहायला जागा असते. पण ८ मिलिमीटर रुंद आणि ७० मिलिमीटर खोल म्हटलं की गणित बदलतं. खोली व्यासाच्या जवळजवळ नऊपट झाली. आत दिसत नाही, बोट जात नाही, कापलेला कीस सहज बाहेर येत नाही आणि लांब बारीक ड्रिल जरा जोर दिला की वाकतं. (पाचवीच्या पुढच्या वर्गांना गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण घ्या. 'मोठं' आणि 'खोल' हे शब्द तुलनेशिवाय अपुरे आहेत, हे मुलांना चटकन पटतं.)

आमच्याकडे आलेलं काम असंच होतं. शेजारच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या ऑईल इंजिनाचं व्हॉल्व्ह गाईड झिजलं होतं. गाईड म्हणजे बिडाची जाड नळी. तिच्यातून व्हॉल्व्हची दांडी इंजिन चालू असेपर्यंत वर-खाली करत राहते. भोक सैल झालं तर ऑईल आत जाऊन धूर येतो, व्हॉल्व्ह डुगडुगतो. आवळ झालं तर इंजिन तापल्यावर दांडी आतच धरते. दोन्हींमध्ये साधारण ०.०५ मिलिमीटर मोकळीक हवी. म्हणजे डोक्याच्या केसाहून कमी. इंजिन इतकं जुनं की बाजारात तयार गाईड मिळेना. एप्रिल महिना, वांग्या-मिरचीचा मळा उन्हात उभा, आणि आमच्या शेडमध्ये त्या मापाचा बिडाचा तुकडा एकच.

सुरुवात तोंडाशी होते

ड्रिलिंग मशीनवर जॉब स्थिर असतो आणि ड्रिल फिरतं. ते एकदा तिरकं निघालं की त्याच दिशेला जात राहतं. लेथवर उलट असतं. जॉब चकमध्ये धरून फिरवायचा आणि समोरच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल स्थिर धरून हळूहळू पुढे सरकवायचं. जॉब फिरत असल्यामुळे ड्रिलच्या चुकीला एकच दिशा मिळत नाही आणि भोक मध्याच्या जवळ राहतं. इंग्लंडमधल्या जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये भरीव लोखंडी ओतीव तुकड्यातून तोफेची नळी कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यातही तोफ फिरत होती.

तरीही लांब ड्रिल थेट लावायचं नाही. आधी जॉबचं तोंड सपाट करायचं. मग सेंटर ड्रिल, म्हणजे जाड आणि आखूड टोकाचं ड्रिल, लावून मधोमध खळगा करायचा. मग आखूड ड्रिलने पहिले वीसेक मिलिमीटर जायचं. आखूड ड्रिल वाकत नाही. त्याने केलेला सरळ रस्ता मग लांब ड्रिलला वाट दाखवतो. मामांचं म्हणणं असं, की पहिल्या वीस मिलिमीटरला जो वेळ देत नाही, त्याला पुढच्या पन्नासात कुणी वाचवू शकत नाही.

वेगाचंही गणित आहे. बिडासाठी हायस्पीड स्टीलच्या ड्रिलची धार मिनिटाला साधारण २० मीटर अंतर कापेल असा वेग धरतात. आमचं ड्रिल ७.८ मिलिमीटरचं. परीघ ७.८ × ३.१४ म्हणजे सुमारे २४.५ मिलिमीटर. २०,००० भागिले २४.५, म्हणजे मिनिटाला सुमारे ८१६ फेरे. जुन्या मशीनवर नेमका तो वेग नसतो, म्हणून जवळचा कमी वेग निवडायचा. वर्तुळाचा परीघ कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या मोठ्या मुलांना मी हे उदाहरण सांगते.

मागे येणं हेही काम

ड्रिलच्या अंगावर पिळाच्या दोन खाचा असतात. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने १८६३ मध्ये अशा पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. टोकाशी कापलेला कीस या खाचांतून मागे सरकून बाहेर पडतो. पण भोक खोल होत गेलं की खाचा भरतात. पोलादाचा कीस वेटोळी होऊन गुंततो, बिडाचा भुकटी होऊन ठासून बसतो. तरीही पुढे ढकलत राहिलं, तर ड्रिल धातूऐवजी स्वतःचाच कीस रगडतं, तापतं आणि शेवटी आत मोडतं. खोल भोकात मोडलेलं ड्रिल काढणं हे भोक पाडण्यापेक्षा अवघड. बहुतेक वेळा जॉबच फेकून द्यावा लागतो.

म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं. आम्ही आधी २० मिलिमीटर गेलो. ड्रिल पूर्ण बाहेर, ब्रशने कीस झाडला. मग आठ-आठ मिलिमीटरचे तीन टप्पे : २८, ३६, ४४. त्याच्या पुढे पाच-पाचचेच : ४९, ५४, ५९, ६४, ६९. नऊ वेळा बाहेर आलो आणि दहाव्यांदा आरपार. जसजसं खोल जाल तसतसा टप्पा लहान, हे लक्षात घ्या. आपला स्वभाव नेमका उलटा असतो. निम्मं काम झालं की आपण वेग वाढवतो.

आत दिसत नाही, तर बाहेर कधी यायचं हे कळतं कसं? हाताला चाक जड लागतं. बाहेर पडणारा कीस कमी होतो. आणि आवाज बदलतो. मामा डोळे मिटून स्टुलावर बसले होते. पाचच्या टप्प्यांत एकदा मला काहीच जाणवलं नव्हतं आणि ते म्हणाले, "थांब. बाहेर घे." ड्रिल बाहेर काढलं तर दोन्ही खाचा भुकटीने गच्च भरलेल्या. मी विचारलं, "मामा, कसं कळलं?" म्हणाले, "अगं, कापायचा आवाज वेगळा आणि घासायचा वेगळा. रोज ऐकलं की कळतंय."

कापणं आणि घासणं यांतला हा फरक विज्ञानाच्या इतिहासातही आहे. म्युनिकच्या तोफखान्यात काउंट रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेऊन, घोड्यांच्या ताकदीने, तोफेच्या ओतीव पितळी तुकड्यात घर्षण केलं. भोवती पाण्याची पेटी ठेवली. अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळलं. घर्षणातून उष्णता कशी निर्माण होते, यावरचा त्याचा निबंध १७९८ चा. विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट जरूर सांगा. आमच्या शेडमध्ये तिचा अर्थ साधा आहे : बोथट हत्याराला जोर दिला की काम पुढे जात नाही, फक्त ताप वाढतो. तेव्हा जोर वाढवायचा नाही, धार लावायची.

रीमरचं काम किती?

ड्रिलने पाडलेलं भोक आतून खडबडीत असतं आणि मापातही नेमकं नसतं. म्हणून ८ ऐवजी ७.८ चं भोक पाडायचं आणि उरलेले ०.२ मिलिमीटर रीमरने काढायचे. रीमरला अंगावर अनेक सरळ किंवा किंचित पिळाच्या धारा असतात. वेग ड्रिलच्या निम्म्याहून कमी ठेवायचा आणि एकसारखा हात द्यायचा. महत्त्वाचं म्हणजे, रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की कीस धार आणि भिंत यांच्यामध्ये सापडतो, भोकावर चरे पडतात आणि धारही तुटते. बाहेर काढतानाही फिरण्याची दिशा तीच.

रीमर फिरून बाहेर आला की भोक आरशासारखं दिसतं. ट्यूबलाईटकडे धरून आत पाहिलं की प्रकाशाची गोल कडी चमकते. मी ते पाहून खूश झाले, तर मामा म्हणाले, "चकाकी बघून खूश होऊ नकोस. रीमर भोकाच्या मागनं चालतोय. भोक वाकडं असलं तर तो वाकडंच चकचकीत करणार. सरळ करायचं काम त्याचं न्हाई."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. कारण तेव्हा माझ्या मनात लोखंड नव्हतं, जुलैपासून माझ्या वर्गात बसणारी एक मुलगी होती. तिच्याकडे येतेच.

आखूड गेज आणि लांब पिन

भोक तपासायला प्लग गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. हे गेज आखूड असतं. आणि इथे खरी गंमत आहे. भोक किंचित धनुष्यासारखं वाकलेलं असलं, तरी आखूड गेज त्यातून सुखाने जातं, कारण प्रत्येक छोट्या तुकड्यात माप बरोबरच असतं. वाक कळतो तो भोकाएवढी लांब, सरळ पिन घातली तरच. ती मध्येच अडते.

आमच्या गाईडमधून लांब पिन गेली. आता राहिलं बाहेरचं अंग. ते आम्ही शेवटी केलं, आणि तेही भोकाला धरून. म्हणजे भोकात सरळ मँड्रेल बसवून, ती दोन सेंटरच्या मध्ये धरून बाहेरचा व्यास कातला. आधी बाहेरून चकचकीत करून मग भोक पाडलं असतं, तर भोक जितकं हललं तितकं ते मध्यापासून बाजूला राहिलं असतं. अवघड गोष्ट आधी, सोपी नंतर, आणि सोपीने अवघडशी जुळवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी गाईड इंजिनाच्या हेडमध्ये बसवलं. ठोकून बसवल्यावर भोक किंचित आवळतं, म्हणून शेवटचा रीमर हाताने तिथेच फिरवला. तेल लावलेली व्हॉल्व्हची दांडी आपल्याच वजनाने सावकाश आत उतरली. संध्याकाळी मळ्यात पाणी सुरू झालं.

(एक खबरदारी. फिरत्या मशीनजवळ हातमोजे, ओढणी, पदर, बांगड्या, मोकळे केस नकोत. चष्मा हवाच, बिडाची भुकटी उडते म्हणून नाकाला मास्कही. कीस हाताने ओढायचा नाही, आणि ब्रश लावायचा तोही मशीन थांबवून. मुलांना हे काम दुरूनच दाखवायचं.)

वर्गातलं वाकडं भोक

आता त्या मुलीबद्दल. जुलैमध्ये ती तिसरीत माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी उभी राहून पाठ्यपुस्तकातला धडा फाडफाड वाचला. उच्चार स्वच्छ, आवाज मोठा, कुठे थांबा नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी गणिताच्या तासाला मी हळदीची पुडी आणली होती. तिच्यावर काय लिहिलंय ते वाच म्हटलं, तर ती गप्प. 'हळद' हे चित्रावरून सांगितलं, पुढचा 'शुद्ध' हा शब्द तिला उचलता येईना. मग मी धड्याचंच पान काढलं आणि मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तिने मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी पोहोचल्यावर तो सांगितला.

तिला धडा पाठ होता. वाचन येत नव्हतं. अक्षरं बरीचशी येत होती, पण वेलांटी-उकार डळमळीत आणि जोडाक्षर म्हणजे अंधार. तरीही पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक लहान चाचणीत ती सुखाने पार पडत होती. आखूड गेज वाकड्या भोकातून जावं तशी.

मी तिला मागे नेलं. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं. रोज दहा-पंधरा मिनिटं, एकच स्वरचिन्ह, आणि त्याचे ती पाहिली नसलेले पाच शब्द. दुकानाच्या पाट्या, औषधाची खोकी, एसटीचे फलक, लग्नपत्रिका, जे हाताला लागेल ते. जिथे अडेल तिथे थांबायचं, मागे यायचं, अडकलेलं मोकळं करायचं, मग पुढे. जोडाक्षरं आली तेव्हा टप्पा आणखी लहान केला. दिवसाला दोनच शब्द.

सप्टेंबरमध्ये तिची आई शाळेत आली. शेतावर मजुरीला जाते, अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली होती. म्हणाली, "बाई, पोरगी पुस्तक घडाघडा वाचत हुती. तुमच्याकडं आल्यापास्नं अडखळायला लागलीया. मागं चालली की ओ." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पाहणाऱ्याला तेच दिसत होतं. घरात पाहुणे आले की हीच मुलगी वाचून दाखवायची. त्या घरात कुणाला वाचता येत नाही, आणि त्यांच्या अभिमानाची एकमेव गोष्ट मी काढून घेतल्यासारखी झाली होती.

मी आईला शेजारी बसवलं. मुलीला त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा तुकडा दिला. ती वाचू लागली. प्रत्येक शब्दाला थांबत, कधी ओठ हलवत, दोन शब्द चुकत. चार ओळींना बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर मान वर करून स्वतःहूनच म्हणाली, "आई, यात पावसाचं लिहिलंय. उद्या लई पडणार हाय." आई काही वेळ काहीच बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "हे पेपरात आहे व्हय?" आणि तो तुकडा घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

ती मुलगी आज चौथीत आहे. अजूनही हळू वाचते, 'प्रात्यक्षिक'सारखा शब्द आला की थांबते. तिचं वाचन अजून चमकत नाही. पण हातात कुठलंही पान दिलं तरी ती ते वाचते.

आपण काय करू शकतो?

२०२१ पासून निपुण भारत अभियानात आपण सगळेच मूलभूत वाचनावर आणि अंकज्ञानावर काम करतो आहोत. तपासण्या, नोंदी, चाचण्या होतात, त्यांची गरजही आहे. पण सुंदर हस्ताक्षर, घोकलेला धडा, स्नेहसंमेलनातलं पाठ भाषण हे सगळं रीमरचं काम आहे. ते शेवटच्या ०.२ मिलिमीटरसाठी असतं. आतला रस्ता वाकडा असेल तर त्याने तो सरळ होत नाही, फक्त वाक दिसेनासा होतो.

शिक्षकांसाठी एक उपक्रम. पाण्याच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा घ्या, किंचित वाकवा. त्यातून खडूचा लहान तुकडा सोडा, तो जाईल. मग नवी, अख्खी पेन्सिल घाला, ती अडेल. मुलांना कारण विचारा. तिसरी-चौथीची मुलं स्वतः शोधून काढतात. मग पाइप सरळ धरून पुन्हा करा. मापन, सरळ आणि वक्र रेषा, दोन्ही संकल्पना एका खेळात होतात.

पालकांसाठी एक विनंती. या आठवड्यात एकदा मुलाला त्याने कधी न पाहिलेलं एक पूर्ण पान द्या. पुस्तकातलं नको. लाईट बिल, बियाण्याची पिशवी, मंडळाचं निमंत्रण, काहीही चालेल. मध्ये बोलू नका, चुकलं तर लगेच सुधारू नका, घड्याळ पाहू नका. नुसतं ऐका. कुठे कापतंय आणि कुठे घासतंय, हे दोन-चार वेळा ऐकलं की तुम्हालाही कळायला लागेल. मूल जिथे अडेल तो शब्द कागदावर लिहून वर्गशिक्षकांना द्या. चाचणीतल्या गुणांपेक्षा आम्हाला त्या कागदाचा उपयोग जास्त होतो.